पास होईपर्यंत

व्हर्नियर कॅलिपरचा जबडा पूर्ण मिटला तरी शून्य शून्यापाशी येत नव्हतं, एक दशांश मिलिमीटर पुढेच... एवढी चूक वजा करता येते, आणि वैभवीने ती दर वेळी वजा केली होती—एप्रिलपासून, महिन्याच्या पहिल्या रविवारी, न्हाणीघराची कडी लावून, डाव्या स्तनातल्या गाठीला तो थंड पोलादी चिमटा लावताना. वहीत आठ नोंदी. दिवाळीत नवऱ्याला, देवेंद्रला, कळलं, म्हणून सुई टोचली गेली. नाहीतर नववीही झाली असती.

वहीशेजारी परवा आलेला बायोप्सीचा अहवाल. दुर्गच्या तपासणीघराने कर्करोग ठरवला होता—ठरवला, हा शब्द तिने मनात मुद्दाम वापरला. नाव बरोबर, वय मात्र एका वर्षाने चुकलेलं. ज्यांना वय नीट लिहिता येत नाही, ते पेशी नीट पाहतात कशावरून? ती नमुन्याची कुपी माझीच, कशावरून? सुई टोचली त्या सकाळी बाकावर आणखी तिघी बसल्या होत्या.

व्हरांड्यात नवरा फोनवर हिंदीत बोलत होता, नको तितक्या हळू. "जी... सोमवार को ही." म्हणजे माझ्यामागे सगळं ठरून गेलं.

देवेंद्र आत आला. "सोमवारी भरती व्हायचं हाय. बेड धरून ठेवलाय त्यायनं."

"आधी रायपूरला दुसरा नमुना देऊ."

"अवं, स्लाइडा रायपूरले पाठवा म्हणते डॉक्टर, पण इलाज थांबवू नका म्हणते. कितीक तपासशील? पोळी बी दोनदा उलटून पाहतं तू."

"एका आकड्यावर कारखान्यात आमी माल फेकत नाही."

"मालाले मरायची भीती नसते, वैभवी."

तो चहा ठेवायला गेला. तिने वही ओढली—गाठ वाढत नाही याचा पुरावा म्हणून, त्याच्यासमोर धरायला. चौदा. चौदा. तेरा. सतरा, पुन्हा, पंधरा. एकोणीस; पुन्हा, अठरा; पुन्हा, सोळा... आणि दर ओळीत शेवटच्या, सर्वांत लहान आकड्याभोवती वर्तुळ. तेरा आले तेव्हा दुसऱ्यांदा मोजलं होतं का? नाही, त्या दिवशी ती शीळ घालत बाहेर आली होती. बावीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईने! याच कारणासाठी तिने शिल्पाला, हाताखालच्या नव्या मुलीला, चारचौघांत झापलं होतं: नमुना पास होईपर्यंत तपासत राहायचं आणि तेवढंच लिहायचं, याला मोजमाप म्हणत नाहीत पोरी, याला मनधरणी म्हणतात. शिल्पा रडली होती. तेव्हा तेही संशयास्पद वाटलं होतं.

अहवालावरचा संशय गेला नाही. वय अजूनही चूकच होतं. पण बाकावरच्या त्या तिघींपैकी एकीच्या नावावर आपली गाठ ढकलताना, एवढे दिवस जी इतकी चोख, इतकी शास्त्रशुद्ध वाटत होती ती आतली बाई... तिची तपासणी कुणी केली होती?

"सोमवारचं काय सांगू त्यायले?" स्वयंपाकघरातून देवेंद्रने विचारलं.

उत्तर तयार होतं—आधी रायपूर. इतकं तयार होतं, की वैभवी पहिल्यांदाच दचकली.