सटीच्या दुपारी

“सटी पुजंपतूर बाळाच्या नावानं एक अक्षर लिहायचं नाय. आधी सटवाईनं लिहायचं, मग आपण.”

सातव्या महिन्यात सासूबाईंनी, सोजरबाईंनी, हे बजावलं तेव्हा पूर्णिमाने हसत शब्द दिला होता. आज तेच आठवून तिने संमतीपत्रावर टेकवलेलं पेन उचललं. बाळाचा सहावा दिवस. पूजा दिवेलागणीला, आणि आत्ता कुठे दुपारचा एक वाजला होता.

“आतड्याला पीळ पडलाय,” डॉक्टर म्हणाले. “अर्ध्या तासात आत घ्यायला हवं. वडील कुठे आहेत?”

“विश्वजीत विमानात आहेत. अमेरिकेहून निघालेत.”

“मग तुम्हीच करा सही.”

सोजरबाई बाकावर बसून होत्या. त्यांचं पहिलं मूल पाचव्या दिवशी गेलं होतं. दवाखान्यात नाव आधीच लिहिलं म्हणून गेलं, असं त्या आजही मानत.

“आई, मी शब्द दिलाय तुम्हाला.”

“दिलास. अन् माघारी इंग्रजीत काय म्हणालीस?”

पूर्णिमा ओशाळली. “वीअर्ड. म्हणजे... विचित्र.”

“विश्वजीतनं सांगितलं मला. साहेबाच्या भाषेत पूर्वी तो शब्द नशिबाला होता म्हणं. नशिबाचा धाक सरला, अन् नुसतं विचित्र तेवढं उरलं.” त्या मांडीवरच्या दुपट्याची घडी मोडून पुन्हा घालत होत्या. “आपल्यात काय निराळं? लेख लिहिणारी सटवाई. अन् नळावर भांडताना बाया एकमेकींना सटवी म्हणत्यात.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

“सही केली तर वाचंल का वो?” सोजरबाईंनी विचारलं.

“केली तर आशा आहे. नाही केली, तर नाही.”

दुपट्याची घडी चुकली. सोजरबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“कर, पोरी.”

कागदाची सळसळ थांबेपर्यंत त्या वळल्या नाहीत.

बाळाला आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. पूर्णिमाने त्यांचा पदर धरला.

“आई, ती रागावली तर?”

“मी जाऊन सांगते तिला. दोष माझा म्हणते. अन् आज घरी नगं, हिकडं दवाखान्यात ये म्हणते.”

“खराडीचं सटवाईचं ठाणं आता कंपनीच्या भिंतीआड गेलंय. गेटवर पास मागतात.”

“मागू देत. ती भिंत उठायच्या आधीपासनं जातेय मी.”

सकाळपासून त्यांच्या पोटात पाणीही नव्हतं. त्यांनी चपला सरकवल्या आणि लिफ्टची वाट न बघता, कठडा धरून, त्या एकेक पायरी उतरू लागल्या.