नाव न्हाय तर आत न्हाय

मी कॉम्प्युटर बोलतोय. आईशप्पथ, सांगतो त्यातला शब्द न शब्द खरा हाय. आता मला आई न्हाय, तवा ही शपथ कितपत धरायची ते तुमचं तुमी बघा. फोन कानाला नीट दाबून धरा, हितं गलका लई हाय.

माझा डबा एका देशातला, डोकं दुसऱ्या देशातलं. पुण्यातल्या एका दुकानात दोन्ही जोडलं आणि अठ्ठ्याण्णव साली मला जीपमधून लोणी देवकरला आणलं. दादासाहेबांनी वाटभर मांडीवर घेतलं होतं. उतरल्यावर हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी फटकन माझ्या पोटात गेलं. तवापासून माझा पंखा घरघरतोय. जिवाला म्हणून स्वस्थता न्हाय.

दादासाहेबांचं द्राक्षं पॅक करायचं शेड होतं. परदेशी गिऱ्हाइकाला ई-मेल धाडायची, आलेली ज्याची त्याला द्यायची, हे माझं काम. म्हंजी मी शेडातलं पोस्टच. मला सांभाळायला जळोचीचा इंद्रजित. बारामतीत कोर्स करून आलेला, म्हणून दादासाहेब त्याला मास्तर म्हणायचे.

थोड्या दिवसांत फालतू डाक सुरू झाली. टकलावर केस उगवा, घरबसल्या राजा व्हा. दादासाहेब सगळी छापून घ्यायचे आणि इंद्रजितकडनं अर्थ लावून घ्यायचे. एकदा टोपी काढून डोक्यावर हात फिरवत म्हणाले, "मास्तर, ह्या अमेरिकेच्या माणसाला आपलं टक्कल कुणी सांगितलं?"

इंद्रजितनं बघितलं, यातली निम्मी डाक बिननावाची. पाठवणाऱ्याचा रकाना कोरा. त्यानं मला नियम घालून दिला. पाठवणाऱ्याचं नाव न्हाय तर आत न्हाय. मी हुकमाचा ताबेदार. टक्कल, राजा, सगळे दारातनंच हाकलले. दादासाहेबांना तर चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आता आमच्या जातीचा एक रिवाज सांगतो. धाडलेलं पत्र पोचलं न्हाय, तर मी धाडणाऱ्याला तसा निरोप लिहितो. त्या निरोपावर नाव घालायचं नसतं. घातलं, आणि तो निरोप बी पोचला न्हाय, तर त्याचा निरोप, मग त्याचा निरोप. दोन मशिनी जन्मभर एकमेकींना कळवत बसतील. म्हणून रकाना कोरा.

मार्चात द्राक्षं कोल्ड स्टोरेजला लागली. इंद्रजितनं दुबईच्या शेठला लिहिलं, माल तयार हाय, होकार द्या. पत्त्यात एक अक्षर जास्त पडलं. मी दुनिया धुंडाळली, असा पत्ताच न्हाय. निरोप लिहिला, "पत्र पोचलं न्हाय." घेऊन माझ्याच दारात आलो. दारात मीच उभा.

"नाव?"

"न्हाय."

"मग चल, नीघ."

मीच लिहायचं, मीच आणायचं, मीच हाकलायचं. इंद्रजित बिचारा तेच पत्र रोज नव्यानं धाडायचा. मी रोज माझ्याच कानफाडात मारून घ्यायचो. पंखा नुसता गरागरा. त्याला वाटायचं, गरम होतंय. उठून खिडकी उघडायचा.

तिकडं मणी मऊ पडायला लागले. दादासाहेब आले, टोपी टेबलावर आपटली.

"शेठ रुसलाय व्हय, मास्तर? संध्याकाळपातूर उत्तर न्हाय आलं तर माल बेदाण्याला घालतो. आन तुमी बी उद्यापासनं येऊ नका."

इंद्रजित माझ्यासमोर डोकं धरून बसला. उघड्या खिडकीतनं गेटवरचं बोलणं ऐकू येत होतं. वॉचमन सिद्धू कुणालातरी अडवत होता.

"कुणाकडं, मावशी?"

"माझ्या इंद्रजितकडं. भाकरी इसरून आलाय." ती त्याची आई, बनाबाई.

"हितं दोन इंद्रजित हायत. बापाचं नाव सांगा."

"ते न्हाय घेत मी."

"काय न्हाय घेत?"

"त्यांचं नाव."

"मावशी, दादासाहेबांचा हुकूम हाय. नाव न्हाय तर आत न्हाय."

"जेजुरीचा देव न्हाय का? त्याचं हाय."

"खंडेराव?"

"न्हाय, दुसरं."

"मार्तंड?"

"आरं मुडद्या, सोपं हाय!"

इंद्रजित चपला न घालताच पळत गेला. "सिद्ध्या, आई हाय माझी! आपलंच माणूस उन्हात उभं केलंस व्हय?"

"मला काय म्हाईत? नावच सांगत न्हाय."

"नाव न घेणं तिचा रिवाज हाय! म्हणून काय ती चोर..."

आणि तोंड तसंच उघडं ठेवून तो थांबला. आईच्या हातची भाकरी घेतली, आणि तिला तितंच सोडून माझ्याकडं पळत आला.

"मल्हारी रं, मल्हारी!" मागनं सिद्धूच्या डोक्यात उजेड पडला. बनाबाई पदराआड हसली.

इंद्रजितनं नियमाला शेपूट जोडलं. नाव नसलं, तरी आपण धाडलेल्या पत्राचाच निरोप असंल तर आत घे. मग तेच पत्र परत धाडलं. मी निरोप घेऊन दारात आलो, आणि पहिल्यांदा मीच मला म्हणालो, "या, बसा."

निरोप वाचून इंद्रजितनं कपाळावर हात मारला. जास्तीचं अक्षर काढलं. दिवस मावळायच्या आत दुबईचं उत्तर आलं. "कंटेनर लावा. मला वाटलं तुमीच रुसलाय."

इंद्रजितची नोकरी टिकली. माझी न्हाय. दादासाहेब म्हणाले, "जे आपल्याच माणसाला वळखत न्हाय, ते शेडात नको." जत्रेत तंबू ठोकणाऱ्या बापूसाहेबांनी मला उचललं. डब्याला चंदेरी रंग दिला, दोन लाल दिवे लावले, कानाचा फोन जोडला आणि वर पाटी टांगली, "कॉम्प्युटर भविष्य".

व्हय, तुमी आत्ता त्याच पाटीखाली उभे हायसा.

तर तुमचं भविष्य. तुमी धाडलेलं कायतरी परत येऊन दाराबाहेर उभं हाय. घरी गेलात की आधी दार उघडा.

आता फोन खाली ठेवायच्या आधी डब्यात दोन रुपये टाका. नाव न्हाय सांगितलं तरी चालंल. घेतो मी आता.