पडलेल्या पेरूंचा नेम

साल दोन हजार अठरा, भाद्रपद महिना. औशाजवळच्या शिवगंगेच्या पेरूबागेत लातूरचा व्यापारी वीरेश आला. त्यानं चांगला पिवळाधमक पेरू निवडून चिरला, तर आतली पांढरी अळी मान वर करून त्याच्याकडंच बघू लागली.

"काकू, पुढल्या महिन्यात येतो. तेव्हाबी ही भेटली, तर माझं येणं बंद."

शिवगंगेचा मुलगा सोमेश तिथंच होता. म्हणाला, "पुढचा तोडा विकला गेला न्हाई, तर झाडं काढायची आन् सोयाबीन पेरायचं."

शिवगंगेनं ती झाडं दोन उन्हाळे घागरीनं पाणी घालून जगवली होती. तिला जेवण गोड लागेना.

सून मंजुषा शेतकी शिकलेली. तिनं फळमाशीचे सापळे आणून फांद्यांना टांगले. तीन दिवसांत डबे माश्यांनी भरले. बांधापलीकडची बाग शिवगंगेच्या धाकट्या दिराची, मन्मथची. तो खूश झाला.

"वहिनी, माझ्या माश्या तुमच्याकडं जेवायला येऊन राहिल्या. सापळे तुमचे, बाग माझी साफ!"

मंजुषानं डबा उघडून दाखवला. "आत्या, हे समदे नर हायेत. वासाला भुलून आले."

"आन् त्यांच्या बायका?"

"त्या पेरूत अंडी घालून राहिल्यात."

"बघ! रिकामटेकडे मेले आन् कामाच्या बाया कामावरच!"

मंजुषानं मग सगळं सांगितलं. माशी सालीखाली अंडी घालते, अळी गर खाते, पेरू गळून पडतो. अळी मातीत शिरून कोष करते आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी उडते. म्हणून पडलेलं फळ उचलायलाच हवं. शिवगंगेनं आपली बाग झाडून काढली. मन्मथच्या बागेत मात्र सडक्या पेरूंचा सडा. शिवगंगेचे सासरे, म्हणजे मन्मथचे वडील महादेवप्पा, यांचा नेम होता: झाडावरचं फळ धन्याचं, पडलेलं वाटसरूचं.

"अप्पांचा नेम मोडू? जीव गेला तरी न्हाई," मन्मथ म्हणाला. खरं तर त्याला वाकायचा कंटाळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवगंगा लांबून वळसा घालून रस्त्यानं आली आणि टोपली घेऊन त्याच्या फाटकात उभी राहिली.

"वहिनी, काय काम काढलं?"

"वहिनी कोण? मी वाटसरू."

मन्मथनं फाटक उघडलं. रोज वाटसरू यायची, टोपल्या भरायची, आपल्या शेतात दोन फूट खड्ड्यात पेरू पुरायची. आठ दिवस तो हसला. नवव्या दिवशी त्याच्या पोटात दुखू लागलं.

तो बायकोला म्हणाला, "कस्तुरे, वहिनी एवढे पेरू नेऊन करती काय? नक्की जेली करून लातूरला विकत असंल!"

मग तो फटफटताच उठून स्वतः पेरू वेचू लागला. दोन क्रेट भरून त्यानं जेलीसाठी माजघरात पोत्याखाली दडवले. ह्या अळीला पाय नसतात, पण कोषाची वेळ झाली की ती अंगाचं धनुष्य करून टुणकन उडी मारते. तिसऱ्या दिवशी कस्तुराबाई पूजेला बसली, तर समोरच्या भस्माच्या ताटलीत एक अळी उडून पडली. मग दुसरी. तिसरी तिच्या मांडीवर.

"हे पेरू घरात ऱ्हातील न्हाई तर मी!"

मन्मथनं आधी क्रेटकडं बघितलं. तेवढ्यावरून पुढं पंधरा दिवस त्याला एकट्यानं खड्डे खणावे लागले, रोज पेरू वेचून पुरावे लागले. सापळेसुद्धा मंजुषाकडून त्यानंच मागून नेले.

वीरेश आला तेव्हा त्यानं सात पेरू चिरले. सातही स्वच्छ निघाले. आठवा त्यानं खाल्ला आणि टेम्पो मागवला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. वीरेश आता फक्त सीताफळाचा व्यापार करतो, पेरूला दुसरे व्यापारी येतात. सोमेशनं आणखी अर्धा एकर पेरू लावला आणि ही कल्पना आपलीच असं सगळ्यांना सांगतो. मंजुषानं औशाला बी-बियाण्याचं दुकान टाकलं. कस्तुराबाईनं पेरूला घरात पुन्हा येऊ दिलं नाही. मन्मथचे गुडघे गेले. तो बाजेवर बसून मजुरांना वाकायला शिकवतो. शिवगंगेचे दात पडले. ती पेरू मिठाबरोबर ठेचून खाते.