हुदाची पाच मिनिटं

"उतर गो हुदा, आठ वाजले."

ती उतरली नाही. कॉलेजच्या फाटकासमोर गाडी उभी होती. बॅग मांडीवर धरून ती समोर बघत राहिली.

"मना नाय जमणार, अब्बा. घरी चला."

इंग्रजीच्या तासाला प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं होतं. आपल्यात चांगलं काय आहे, पहिल्या वर्षात आपण किती वाढलो, ते सांगायचं. हुदा दोनदा गैरहजर राहिली होती. आज शेवटची संधी होती. नापास झाली तर कॉलेज सुटणार होतं. मी बारा तास जहाजांच्या यार्डात असतो. जवान मुलीला इथे आखातात, अरादच्या घरात दिवसभर एकटं ठेवता येत नाही. माझी बहीण मसूदा गावी दापोलीत तिच्यासाठी स्थळ बघून बसली होती. माझी बायको खदिजा जाऊन तीन महिनेही झाले नव्हते.

"बाकीच्या काय बोलल्या?" मी विचारलं.

"एक स्विमिंग चॅम्पियन आहे. एक म्हणाली, लीडरशिप. मी काय सांगू? आय हॅव नथिंग."

"कसं नाय? अम्माचं गुसल तू केलंस. अठरा वर्षांच्या पोरीला जमतं ते?"

खदिजाच्या मय्यतीची आंघोळ बायकांनी घातली तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. आत काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं.

हुदा माझ्याकडे वळली. "तुम्हाला काय माहीत, अब्बा? शेजारच्या अख्तरुन्निसाखाला म्हणाल्या, पाणी हळू ओत, तिला दुखेल. मी हळू ओतलं. मग म्हणाल्या, आता केसांच्या तीन वेण्या घाल, बाईमाणसाला घालतात. मी कंगवा घेतला. केस होते कुठे? औषधांनी सगळे गेले होते. मागे थोडेसे होते. मी एकच घातली, बोटाएवढी. तीही सुटत होती. एवढंही झालं नाय माझ्याकडून. हे सांगू क्लासमध्ये?"

एखादा शहाणा बाप काहीतरी बोलला असता. मला भीती वाटत होती, तेवढंच मी बोललो.

"तू गावी गेलीस तर मी घरात कोणाशी बोलू, हुदा?"

तिने ओढणी नीट केली आणि दार उघडून गेली.

मी यार्डात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. फोरमन विलास म्हणाला, "रहिमतुल्लाभाई, डॉकमध्ये जहाज उभं आहे." मी म्हटलं, असू दे. पुढे एका भिंतीच्या सावलीला गाडी लावून बसलो. तास सुटायच्या वेळी परत फाटकाशी आणली.

हुदा आली. बसली. दार लावलं.

"बोललीस?"

"हो."

"काय?"

"टाइम मॅनेजमेंट." ती हसली. "लवकर उठते, तुमचा डबा भरते, कपडे धुते, मग क्लासला येते. एकदम शिस्त. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पास आहे मी, अब्बा."

"शाब्बास."

"मिस म्हणाल्या, युवर मदर मस्ट बी सो प्राउड."

"मग? तू काय म्हणालीस?"

"थँक यू म्हटलं."

ती अजून हसतच होती. मग तो आवाज हसण्याचा राहिला नाही. तीन महिन्यांत ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. मी चावीला हात लावला आणि काढून घेतला.

मागे गाड्यांची रांग लागली. फाटकावरचा म्हातारा बलुची पहारेकरी चिडून आला आणि माझ्या काचेवर मूठ आपटू लागला. "यल्ला सादिक, यल्ला!" चल मित्रा, गाडी काढ, असं तो अरबीत ओरडत होता.

मग त्याने वाकून आत पाहिलं. तो परत गेला, आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली आणि आमच्या गाडीच्या मागे रस्त्यात ठेवली. तिच्याजवळ उन्हात उभा राहून तो मागच्या गाड्यांना हाताने बाजूने जायला सांगू लागला.