डाव्या हाताची मूठ

कुरामोची उस्ताद स्वतःच्या पायांनी साकाई गावातल्या आपल्या मुठींच्या कारखान्यात येतील, असं शिगेरूला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ओसाकात स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे मासे कापून वाढणारा हा नावाजलेला माणूस. याच बाबानं हाताखाली शिकायला आलेल्या पंधरा वर्षांच्या शिगेरूचा डावा हात नाडीनं कमरेला बांधून ठेवला होता, आणि भर गिऱ्हाइकांत ओरडला होता, "डावखुऱ्यानं कापलेला मासा अशुभ! हे ध्यान माझ्या फळीवर नको!" त्याच दिवशी हाकललं. शिगेरू मग सुऱ्यांच्या मुठी करायला शिकला, पण ते विसरणं? नाव नको!

आता उस्तादांचाच उजवा हात लकव्यानं लुळा पडला होता.

"मुलगा म्हणतो, घरी बसा," ते म्हणाले. "वर्षअखेरच्या जेवणाला जुन्या गिऱ्हाइकांपुढे कापलं नाही, तर दुकान त्याचं. डाव्या हाताची सुरी हवी. मूठ तुझ्यासारखी कुणाची नाही म्हणे."

"ओळखलंत मला?"

"न ओळखायला काय झालं? म्हणून तर तोंड लपवत आलोय."

माफीचा शब्द मात्र नाही हं! शिगेरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उजव्या हाताची मूठ गळ्यात मारावी? उजव्या अंगाला काढलेली कड डाव्या तळव्यात रुतेल, सुरी भरकटेल. छे! मग म्हातारा मुठीला नावं ठेवून सुटेल.

"करून देतो," तो म्हणाला. "जेवायला मीही येईन."

त्यानं जीव ओतून मूठ केली. कड डाव्या अंगाला, बोटांच्या पेरांत चपखल बसणारी. उस्तादांनी दोन महिने घरात लपून सराव केला.

जेवणाच्या दिवशी म्हाताऱ्यानं मासा असा कापला की शिगेरूसुद्धा मनात 'वा!' म्हणाला. थाळ्या पुढे आल्या. कुणी जेवायच्या काड्या उचलेना.

"उस्ताद, राग मानू नका," जुने गिऱ्हाईक ओकाबे म्हणाले. "डाव्या हातचं अशुभ, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. वर्ष संपताना विषाची परीक्षा कशाला?"

उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. ते शिगेरूकडे वळले. "तू तरी खा, बाबा. यांच्याच देखत मी तुला हाकललं होतं; तू खाल्लंस की हेही खातील."

त्यानं एक घास घेतला असता, तर त्यांनी खरंच खाल्लं असतं. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते.

शिगेरूनं थाळी हळूच मागे सरकवली. उस्तादांच्या मुलानं पुढे होऊन बापाच्या हातातली सुरी काढून घेतली. शिगेरूनं चहा शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायला. इतका चांगला चहा त्याला आयुष्यात लागला नव्हता.