ऑगस्टची साक्ष

वर्षाच्या शेवटच्या रविवारी पास्टर कमलेश सगळ्यांच्या पत्रिका परत करत. जानेवारीत भरून घेतलेल्या, पिवळ्या जाड कागदाच्या, वर 'माझी आत्मिक वाढ' असं छापलेल्या. पास्टर होण्याआधी त्यांनी अकरा वर्षं विमा विकला होता आणि टार्गेटशिवाय माणूस जागचा हलत नाही, ही त्या धंद्यातली शिकवण त्यांनी देवाच्या कामातही आणली होती. नुसतं 'प्रभूच्या जवळ जाईन' लिहिलेली पत्रिका ते जानेवारीतच परत करायचे. किती आणि कधीपर्यंत, ते लिहा म्हणायचे.

कल्याणच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये सव्वाशे माणसं बसली होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या पत्रिकांनी मार्चमध्येच मान टाकली होती. पवित्र शास्त्र वर्षात वाचून काढणारे वंशावळ्यांपाशी अडकले होते. शुक्रवारच्या उपासाला कुणाची शुगर आड आली होती, कुणाची मेहुणी. पूर्ण भरलेली पत्रिका एकच निघाली, टिटवाळ्याच्या शेवंताबाईंची.

शेवंताबाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. पत्रिका घरी असती तर त्यांनी ती चुलीत घातली असती. पण पत्रिका गटप्रमुख लक्ष्मीबाईंकडे असायच्या आणि लक्ष्मीबाई दर महिन्याला विचारून, हिरव्या पेनाने, अगदी शाळेतल्या बाईंसारख्या खुणा करायच्या. पहाटे पाचची प्रार्थना, खूण. बावन्न उपास, खूण. चर्चच्या मंडळीपुढे दर महिन्याला एक साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, त्याही बाराच्या बारा.

बारांत आठवी ऑगस्टची होती, आणि तीच शेवंताबाईंना जाळत होती.

बासष्ट वर्षांच्या विधवा, दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या बाईच्या आयुष्यात देव दर महिन्याला असं काय नवं करणार? जूनमध्ये गुडघा बरा झाला होता, जुलैमध्ये हरवलेलं रेशनकार्ड सापडलं होतं. ऑगस्टचा शेवटचा रविवार आला तरी हाताशी काही नव्हतं. लक्ष्मीबाई पेन काढून बसल्या होत्या. मग शेवंताबाई उठल्या आणि त्यांनी मुलाचं सांगितलं. माझा विनीत सात वर्षं दारू पीत होता, कोलशेतला गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, प्रभूने त्याला सोडवलं, पाच महिने झाले थेंब नाही. टाळ्या पडल्या. शेवंताबाई रडल्याही, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

रविवारची भक्ती मोबाइलवर थेट दाखवली जाते आणि नंतरही तिथेच राहते, हे त्यांना माहीत होतं. कुंडलिक त्याच गोदामात वॉचमन आहे आणि मंडळीतही येतो, हेही माहीत होतं. कुंडलिकच्या मनात पाप नव्हतं. आपल्या विनीतवर केवढी कृपा झाली, म्हणून मोठ्या कौतुकाने त्याने ती साक्ष गोदामाच्या ग्रुपवर टाकली. सात वर्षं पिणारा माणूस आपली मशीन चालवतो, हे साहेबांना त्या दिवशी कळलं. आठवड्याच्या आत विनीत घरी बसला. पंधरा दिवसांत पुन्हा प्यायला लागला.

सप्टेंबरमध्ये शेवंताबाई कोलशेतला विनीतच्या घरी गेल्या होत्या. विनीतने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

"तुझ्या बारा साक्षी पूर्ण व्हायला पाहिजे होत्या ना? म्हणून मला विकलंस तू," तो म्हणाला.

"मी तुझ्यासाठी उपास करते रे."

"कर," म्हणून त्याने दार लावलं.

त्यानंतर फोन नाही, काही नाही. नाताळच्या संध्याकाळी मात्र सून कृतिकाचा फोन आला. विनीत महिनाभर दारूपासून पुन्हा सुटला होता, घोडबंदरला एका दुकानात कामाला लागला होता. "आई, एक तारखेला जेवायला या. मी कसंबसं तयार केलंय त्याला. फक्त एक सांगू का? तिकडे चर्चमध्ये त्याचं नाव नका घेऊ. चांगलं पण नको, वाईट पण नको. तेवढंच म्हणालाय तो." शेवंताबाईंनी लगेच कबूल केलं. त्या रात्री चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा डोळा नीट लागला.

आणि आता पास्टर माइकमधून म्हणत होते, "शेवंताबाई, पुढे या. सांगा, कसं जमवलंत?"

त्या गेल्या. 'सगळी त्याची कृपा' एवढं बोलून बसायचं असं ठरवलं होतं. पण लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पास्टरांनी ती पिवळी पत्रिका सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि पहिल्या रांगेतल्या एका तरण्या पोरीने तिचा फोटो काढला. त्या टाळ्या शेवंताबाईंना सोसवेनात. घेतल्या तर चोरी, नाकारल्या तर कारण सांगायला हवं. त्यांच्या मनात एवढंच आलं, की देवापुढे तरी आज खरं बोलावं.

"टाळ्या नका वाजवू," त्या म्हणाल्या. "मी पापी बाई आहे. ऑगस्टात माझ्याकडं सांगायला काही नव्हतं, तर मी लेकाचं सांगितलं. आकडा भरायला. त्याची नोकरी गेली माझ्यापायी. सुटलेला पोरगा परत प्यायला लागला. आता कुठं महिनाभर झालं पीत नाही, दुकानात लागलाय, तर तिथं तरी कुणी काही बोलू नका. मी मंडळीपुढं माफी मागते. देवा, मला माफ कर."

शेवंताबाईंना वाटलं, आता तरी कुणी चार शब्द सुनावील. तेवढ्यात मागून कुणी तरी 'आमेन' म्हणालं, मग सगळेच म्हणाले, आणि आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. लक्ष्मीबाई डोळे पुसत होत्या. पास्टरांनी माइक पुन्हा हातात घेतला. "या वर्षातली सगळ्यात मोठी साक्ष," ते म्हणाले. "घरी बघणाऱ्यांना विनंती आहे, ही चार जणांना पाठवा."

घरी बघणारे. शेवंताबाईंनी मान वर केली. समोर फोन उभा होता, त्यांच्याकडेच तोंड करून.

त्या जिन्यात आल्या तेव्हा पिशवीतला मोबाइल वाजत होता. कृतिका.

"आई, का बोललात?"

"त्यानं बघितलं?"

"त्यानेच लावलं होतं. सकाळी स्वतःहून म्हणाला, बघू तरी आई कशी दिसते, चार महिने झाले. दुकानाचं पण सांगून टाकलंत. त्या कुंडलिकला तरी हे माहीत नव्हतं."

"अगं, मी चुकीची कबुली दिली. चांगलं काही बोलले नाही स्वतःबद्दल. माफी मागितली गं मी."

"कोणाची?"

देवाची मागितली होती, रोज पहाटे पाच वाजता, एकही दिवस न चुकवता. आज सव्वाशे माणसांची मागितली. सप्टेंबरमध्ये विनीत हातभर अंतरावर उभा होता, तेव्हा त्यांनी त्याला उपासाचं सांगितलं होतं.

"त्याला दे ना फोन," त्या कशाबशा म्हणाल्या. "दोन मिनिटं."

"तो नाहीये घरात. मधेच उठून गेला. पाकीट घेऊन गेलाय." कृतिकाचा आवाज रागावलेला नव्हता, नुसता दमलेला होता. "एक तारखेला नका येऊ, आई. नंतर पण मीच सांगेन कधी यायचं ते. तोपर्यंत नको."

फोन बंद झाला. शेवंताबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. सवयीने त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि पहिल्या शब्दापाशीच थांबल्या. बावन्न उपास केलेल्या त्या बाईला देवाला काय सांगावं ते सुचेना. जे सांगायचं होतं ते देवाला सांगायचं नव्हतंच, आणि ज्याला सांगायचं होतं तो कोलशेतच्या कुठल्या तरी गुत्त्याच्या वाटेवर होता.