तुलनेच्या गटातली मावशी

चिठ्ठ्या तिनेच उचलल्या होत्या. चाळीस वस्त्या. अर्ध्यांत एकट्या म्हाताऱ्यांकडे दर आठवड्याला नर्स जाणार, अर्ध्यांत नाही. निवडक घरांत मुलाखतींच्या तीन फेऱ्या करायच्या, वर्षअखेरीला दोन्हीकडच्या तब्येती ताडून पाहायच्या आणि योजना कामाची की नुसती कागदावरची, ते सांगायचं. सामाजिक संशोधनाच्या एम.ए.चा तिचा प्रबंध तो हाच. मावशीची वस्ती 'नाही'त गेली.

आईमागे हिला वाढवलं ते या मावशीनं. तिचं घर नमुन्यात, म्हणजे मुलाखतीच्या घरांत निघालं, पण भाची कुणाशी बोलली नाही. उलट, दर रविवारचं मावशीकडे जाणं तिने बंद केलं. तुलनेच्या गटात कुणी विचारपूस करायला लागलं तर तुलना नासते, असं पहिल्याच सत्रात शिकवलं होतं. आणि पोर पडली हुशार.

"काय गं, वाट विसरलीस की मला?" मावशी फोनवर विचारायची.

"अभ्यास आहे गं."

"असू दे बाई. दार माझं, पाय तुझे. येतील तेव्हा येतील."

पाचव्या महिन्यात मावशी मोरीत पडली. शेजारणीला कळलं ते सोमवारी. माणसं आली, गेली. भाचीच्या डोळ्यांत टिपूस नाही. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

आज संगणकाच्या खोलीत तिच्यापुढे तक्त्यातली दोनशे बारावी ओळ उघडी होती; एका घराची एक ओळ. शेजारी वर्गमित्र बसला होता. दरवेळी अगदी मधले गुण पडतात म्हणून सगळे त्याला सरासरी म्हणायचे.

"तिसऱ्या फेरीत तीन खेपा, तिन्हींना 'घर बंद'," तो म्हणाला. "नियमाने ओळ गाळायची. गाळ आणि मोकळी हो. उद्या जमा करायचंय."

"ती वारलीय."

"कोण?"

"दोनशे बारा. माझी मावशी."

त्याने चहा खाली ठेवला. "नात्यातलं माणूस नमुन्यात, आणि तू गप्प? अगं, प्रबंध परत येईल. वर्ष जाईल!"

"हं."

"मग गाळ ना. या कानाचं त्या कानाला कळायचं नाही."

तिने ओळ सरकवली. प्रश्न सतरा: घरी कोण येतं? पहिल्या फेरीचं उत्तर, भाची, दर रविवारी. दुसऱ्या फेरीचं, कोणी नाही. पुढे मुलाखत घेणाऱ्या पोरीनं शेरा मारला होता: हसून सांगितलं.

तिने तो शेरा वाचला. जरा वेळाने पुन्हा वाचला. आत काहीच हललं नाही. थंडीने बधिरलेलं बोट टोचून पाहावं, तसं.

मग 'घर बंद' खोडून तिने लिहिलं, मृत्यू. आणि अभ्यासाच्या मर्यादांच्या प्रकरणात, शेवटी: या गटात आम्ही काही बदललं नाही, हे खरं नाही. दोनशे बाराव्या घरी आठवड्याला एक माणूस जात होतं. अभ्यासासाठी मी ते जाणं थांबवलं. ती माझी मावशी.

"प्रबंधात 'मी' चालत नाही गं," सरासरी हळूच म्हणाला.

"नाही चालत," ती म्हणाली आणि पानं छापायला लावली.

मार्गदर्शक मॅडमनी ते प्रकरण उभ्यानेच वाचलं. मग बसल्या.

"याचं काय होणार, माहीत आहे ना तुला?"

"हो, मॅडम."

"ओळ ठेवायचीय?"

"ठेवायचीय."

मॅडमनी तक्ता पुढे ओढला. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "मृत्यूची तारीख रिकामी ठेवलीस?"

"माहीत नाही, मॅडम. शनिवार असेल, नाहीतर रविवार. बघायला कुणी नव्हतं."